संगणकाच्या पोर्टवरून लहान मोटरचा वेग : भाग सहावा

लहान विद्युत मोटर संगणकाच्या आज्ञेने हळू किंवा जोरात फिरवायची तर तीन कामे करावी लागतात. पोर्टमधून येणारा क्षीण संकेत मोटर चालवण्याइतका सबळ करणे, वेगाचा आकडा विजेच्या रूपात उतरवणे आणि हे सारे अचूक वेळेवर करणे. पहिली दोन सोपी आहेत. बहुतेक प्रयोग तिसऱ्यात अडतात. हा प्रश्न खेळण्यातल्या मोटरपुरताच नाही. म्हैसूरचे बन्नीमंटप हे दसऱ्यातल्या शमीपूजेचे ठिकाण. जंबू सवारी ही हत्तींची मिरवणूक तिथे संपते आणि विजयादशमीच्या रात्री तिथल्या मैदानावर मशालींचे संचलन होते. २०२४ च्या दसऱ्यात त्याच मैदानावर चामुंडेश्वरी वीजपुरवठा निगमाने १५०० ड्रोनचा खेळ दाखवला. एका ड्रोनला चार पंखे धरले तर त्या आकाशात ६००० लहान मोटरी फिरत होत्या आणि प्रत्येकीचा वेग क्षणाक्षणाला बदलत होता. त्यांचे गणित समजण्यासाठी आधी टेबलावरची एक मोटर घ्यावी लागते.

ब्रश असलेली साधी डीसी मोटर फिरू लागली की ती स्वतःच जनित्रासारखी वागते आणि पुरवठ्याच्या उलट दिशेने विद्युतदाब निर्माण करते. हा विरोधी दाब वेगाच्या प्रमाणात वाढतो. समजा, मोटरच्या वाइंडिंगचा रोध २ ओहम आहे आणि पुरवठा ६ व्होल्टचा आहे. मोटर थांबलेली असताना विरोधी दाब शून्य, म्हणून ती ३ अँपिअर ओढते. मोकळी फिरताना ती ०.३ अँपिअर घेत असेल, तर रोधात ०.६ व्होल्ट खर्च होतात आणि उरलेले ५.४ व्होल्ट विरोधी दाबाचे, म्हणजेच वेगाचे. यातून दोन गोष्टी निघतात. वेग बदलायचा तर मोटरला मिळणारा दाब बदलावा लागतो. आणि सुरू होताना मोटर जो प्रवाह मागते, तो चालताना लागणाऱ्या प्रवाहाच्या दहापट असू शकतो. दुसरी गोष्ट विसरल्यामुळेच बरेच ट्रान्झिस्टर जळतात.

पोर्टला एवढा प्रवाह देणे शक्यच नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून दोन दशके संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचे समांतर पोर्ट असे. त्याच्या २ ते ९ या पिनांवर आठ बिट मिळत, १८ ते २५ या पिना जमिनीच्या, आणि पहिल्या पोर्टचा पत्ता सहसा हेक्साडेसिमल ३७८. त्या पत्त्यावर १ लिहिले की २ क्रमांकाची पिन सुमारे ५ व्होल्टवर जाई, ० लिहिले की खाली येई. शिकणाऱ्याला याहून सरळ दार संगणकाने पुन्हा कधी दिले नाही. मात्र मूळ पोर्टची पिन जेमतेम अडीच मिलिअँपिअर बाहेर देऊ शके. आजच्या आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलरच्या पाटीच्या पिनेवरून २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेणे सुरक्षित मानतात, रास्पबेरी पायची पिन ३.३ व्होल्टवर १६ मिलिअँपिअरच्या पुढे ताणू नये. मोटर कोणत्याही पिनेला थेट जोडली तर मोटर फिरत नाही आणि पिन मात्र जाते.

म्हणून मधे ट्रान्झिस्टर येतो. बेस या टोकाला दिलेल्या क्षीण प्रवाहावर तो मोटरचा मोठा प्रवाह स्विचसारखा चालू-बंद करतो. समांतर पोर्टसाठी टिप १२२ हा डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर सोयीचा, कारण त्याची प्रवाहवृद्धी हजाराच्या घरात असते. पिन आणि बेस यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा रोधक घातला तर बेसमध्ये साधारण १.६ मिलिअँपिअर जातात. पिनेला ते झेपतात आणि तेवढ्यावर अँपिअरभर प्रवाहाची मोटर चालते. त्याचा दोष असा की पूर्ण चालू असतानाही तो स्वतःवर सुमारे एक व्होल्ट खातो. ६ व्होल्टच्या पुरवठ्यात हा मोठाच वाटा आहे. ५ व्होल्टच्या पिनेवर पूर्ण उघडणारा मॉसफेट, उदाहरणार्थ आयआरएलझेड४४एन, हा तोटा जवळजवळ नाहीसा करतो. साध्या आयआरएफ५४० ला गेटवर १० व्होल्ट लागतात. दिसायला दोन्ही सारखे असल्याने दुकानातून दुसराच आणला जातो आणि तो अर्धवट उघडून तापत राहतो.

मोटरवर उलटा डायोड हवाच. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी वाइंडिंगमधला प्रवाह तत्क्षणी थांबू शकत नाही. त्याला वाट मिळाली नाही तर दाब पुरवठ्याच्या कितीतरी पट उसळतो आणि ट्रान्झिस्टर फोडतो. डायोडचा पट्टा धन बाजूला ठेवला की तो प्रवाह मोटरमध्येच फिरून विरतो. पोर्ट वाचवायचे तर पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर मधे घालून संगणक आणि मोटर यांच्या जमिनी वेगळ्या ठेवाव्यात. काही रुपयांच्या या भागाने अख्खा संगणक वाचतो.

आता वेग. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडून मोटरला ६ ऐवजी ३ व्होल्ट देता येतात, पण उरलेले ३ व्होल्ट ट्रान्झिस्टरवरच पडतात. मोटर ०.३ अँपिअर घेत असेल तर तिला ०.९ वॉट मिळतात आणि तेवढेच उष्णतेत जातात. त्याऐवजी ट्रान्झिस्टर पूर्ण उघडायचा, पूर्ण बंद करायचा, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा करायचे, ही पद्धत चांगली. प्रत्येक आवर्तनात तो किती टक्के वेळ उघडा असतो, त्यावर सरासरी दाब ठरतो. यालाच पल्स विड्थ मॉड्युलेशन किंवा पीडब्ल्यूएम म्हणतात. सायकलस्वार अधूनमधून पायडल मारतो तरी चाक अखंड फिरत राहते, तसेच इथे होते: वाइंडिंगचे इंडक्टन्स प्रवाहातले धक्के बुजवते आणि फिरत्या भागाचे जडत्व वेगातले. उघडा आणि बंद या दोन्ही अवस्थांत ट्रान्झिस्टरवर वीज फारशी वाया जात नाही, म्हणून तो थंड राहतो. वारंवारता काही शेकड्यांत असेल तर मोटर गुणगुणते. २० किलोहर्ट्झच्या पुढे नेली की तो आवाज माणसाच्या कानाला येत नाही, पण ट्रान्झिस्टरच्या उघडझाकीतला तोटा वाढतो. लहान ब्रशच्या मोटरला कमी वारंवारतेचा एक फायदाही आहे. प्रत्येक स्पंदात पूर्ण दाबाचा धक्का बसत असल्याने मंद वेगात ती घर्षणाने अडून राहत नाही.

हे स्पंद कोणी तयार करायचे, हा खरा प्रश्न आहे. पिन १ करा, थोडे थांबा, ० करा, थोडे थांबा, असा कार्यक्रम संगणकावर चार ओळींत लिहिता येतो. डॉसच्या काळात तो बरा चालेही, कारण सारा संगणक त्या एका कार्यक्रमाचा असे. विंडोज किंवा लिनक्सवर तसे नसते. विंडोजच्या घड्याळाचा नेहमीचा ठोका १५.६ मिलिसेकंदांचा आहे. २ मिलिसेकंद थांबायला सांगितलेला कार्यक्रम पुढच्या ठोक्यापर्यंत झोपून राहू शकतो. मध्येच दुसरे काम निघाले की मोटर गचके खाते. एनटीपासूनच्या विंडोजमध्ये साध्या कार्यक्रमाला पोर्टच्या पत्त्यावर थेट लिहिताही येत नाही, त्यासाठी ड्रायव्हर लागतो. संगणक सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो, पण नेमक्या क्षणी एक क्रिया करण्याची हमी देत नाही. मोटरला हवी असते ती नेमकी ही हमी.

म्हणून कामाची वाटणी करावी लागते. संगणकाने फक्त वेगाचा आकडा सांगायचा, स्पंद तयार करायचे ते मोटरशेजारच्या लहान मायक्रोकंट्रोलरने. आर्डुइनो उनोवरचा एटीमेगा३२८पी १६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्यातला टायमर प्रोसेसरला न विचारता बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवर ४९० हर्ट्झचे स्पंद देत राहतो, आणि ० ते २५५ यांतला एक आकडा त्यांची रुंदी ठरवतो. संगणकाला ही पाटी यूएसबीवरच्या सिरियल पोर्टसारखी दिसते. ९६०० बॉडने एक बाइट जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. तो बाइट दहा-वीस मिलिसेकंद उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही, मोटर आधीच्या आकड्यावर शांतपणे फिरत राहते. वेळेची सक्ती पोर्टच्या पलीकडे गेली की पोर्ट कोणते हा प्रश्न जवळजवळ गौण ठरतो.

बन्नीमंटपसारख्या खेळातही हीच वाटणी असते, फक्त आणखी एका पायरीने लांबलेली. अशा ड्रोनमध्ये ब्रश नसलेली तीन तारांची मोटर वापरतात. तिच्या वाइंडिंगमधला प्रवाह कोणत्या क्षणी एका तारेवरून दुसऱ्या तारेवर न्यायचा, हे स्पीड कंट्रोलर नावाची छोटी पाटी ठरवते. त्या क्षणी मोकळ्या असलेल्या तारेवरचा विरोधी दाब पाहून तिला चुंबकाची जागा कळते. चौदा ध्रुवांची मोटर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर हा बदल सेकंदाला सुमारे ७००० वेळा, म्हणजे दर १४३ मायक्रोसेकंदांनी करावा लागतो. स्पीड कंट्रोलरला वेगाचा आकडा देतो तो ड्रोनवरचाच उड्डाण नियंत्रक. रूढ पद्धतीत हा आकडा स्पंदाच्या लांबीतून जातो: १००० मायक्रोसेकंद म्हणजे बंद, २००० म्हणजे पूर्ण वेग. नियंत्रक ड्रोनचा कल सेकंदाला शेकडो वेळा मोजतो आणि चार आकडे सुधारतो. पंख्याचे उचलबळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेग दहा टक्के वाढला की बळ एकवीस टक्के वाढते; एवढ्याने ड्रोन एका बाजूला कलू लागतो. जमिनीवरचा संगणक या धावपळीत पडत नाही. प्रत्येक ड्रोनचा मार्ग आणि दिव्याचे रंग उड्डाणाआधीच चढवलेले असतात. उड्डाणात मुख्यतः सुरुवातीची वेळ, उपग्रहाने दिलेल्या जागेची दुरुस्ती आणि गरज पडल्यास परतीची आज्ञा तेवढी जाते. ६००० मोटरींचा वेग एका संगणकातून रेडिओवर पाठवायचा असता तर पहिल्याच मिनिटात ड्रोन एकमेकांवर आदळले असते.

टेबलावरच्या मोटरला कल मोजणारा कोणी नसतो, म्हणून तिथे वेग वेगळा मोजावा लागतो. वरच्याच मोटरवर भार आला आणि प्रवाह ०.३ वरून ०.९ अँपिअर झाला, तर विरोधी दाब ५.४ वरून ४.२ व्होल्टवर येतो. आज्ञा तीच, पण वेग २२ टक्क्यांनी घटलेला. अक्षावर वीस खाचांची चकती आणि दोन्ही बाजूंना प्रकाशदिवा व संवेदक बसवले की मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १००० स्पंद मिळतात. दशांश सेकंदात शंभर मोजले तर चूक एक टक्क्याच्या आत राहते. ३०० फेऱ्यांवर त्याच वेळात दहाच स्पंद येतात आणि मोजणी ढोबळ होते. अशा वेळी स्पंद मोजण्याऐवजी दोन स्पंदांमधला काळ मोजावा. हवा असलेला वेग आणि मोजलेला वेग यांतल्या फरकाच्या प्रमाणात रुंदी वाढवावी, आणि फरक रेंगाळला तर त्याची बेरीज करून आणखी वाढवावी. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसाठी मांडलेल्या गणिताचाच हा भाग आहे. हे गणितही मायक्रोकंट्रोलरवरच चालवावे.

राहिली सुरक्षितता. संगणक सुरू होताना समांतर पोर्टच्या पिना आपोआप वरखाली होतात आणि मोटर न सांगता फिरते. मोटरचा पुरवठा त्यामुळे शेवटी जोडावा. उनोचे सिरियल पोर्ट उघडले की पाटी नव्याने सुरू होते, आणि त्या क्षणी तिच्या पिना तरंगत्या असतात. मॉसफेटच्या गेटपासून जमिनीपर्यंत १० किलोओहमचा रोधक असेल तर त्या वेळी मोटर बंदच राहते. संगणक गोठला तर शेवटचा आकडा कायम राहतो आणि मोटर फिरतच राहते. त्यावर उपाय असा की संगणकाने ठराविक अंतराने आकडा पुन्हा पाठवावा आणि अर्ध्या सेकंदात काहीच आले नाही तर मायक्रोकंट्रोलरने रुंदी शून्य करावी.