दाव्याची मुदत

उधारउसनवारी करून कापसाचा हंगाम गाठणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात ज्याने रोखा जिवापाड जपला पण जो त्यावरील तारीख विसरला, त्याने हे ध्यानी धरावे की, १ जानेवारी १९६४ पासून अमलात असलेल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वये उसन्या रकमेचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. आणि मागताक्षणी फेडीचा करार असला, तरी ही मुदत मागणीपासून नव्हे, तर रक्कम दिल्या दिवसापासून धावू लागते. मुदत सरण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिल्यास ती नव्याने सुरू होते; तोंडी आश्वासनाला, ते कितीही सज्जनाचे असो, येथे किंमत नाही. प्रतिवादीने हरकत घेतली नाही, तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयास भागच असते. मालकीहक्कावर आधारलेल्या जमिनीच्या ताब्याच्या दाव्यास बारा वर्षे मिळतात, मात्र ती उलटल्यावर मालकीच लोप पावते. सरकारला तीस वर्षांची सवलत आहे! गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतील मुदतीच्या तरतुदी स्थानिक कायदा म्हणून टिकून असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिला होता; २००१ मध्ये त्याच न्यायालयाने तो फिरवला. मुदतीच्या अखेरच्या दिवशी कचेरी बंद असल्यास ती उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो.