ग्रामपंचायत आणि गावचे स्वयंसेवक अग्निदल

होळीच्या सुमारास नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांवरचे गवत वाळून पिवळे पडते. पुढे उन्हाळ्यात त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा व इगतपुरी या भागांत राब भाजण्याची कामे चालतात. नागली व भाताच्या रोपांसाठी निवडलेल्या जागेवर शेण, पालापाचोळा व फांद्या यांचे थर रचून ते पेटविले जातात. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची चालही काही ठिकाणी आहे. दुपारचा वारा सुटला म्हणजे राबाची ठिणगी बांधावरच्या गवतात आणि तेथून डोंगरावर जावयास वेळ लागत नाही. निफाड, येवला, चांदवड या बाजूस आगीचे रूप निराळे असते. तेथे कडब्याची गंजी, उसाचे पाचट, गोठा किंवा कांद्याची चाळ पेटते. वर्षभराची वैरण जळाली म्हणजे शेतकऱ्यावर बैलजोडी विकण्याची पाळी येते.

अशा आगीत पहिल्या अर्ध्या तासात जे करावयाचे ते गावकऱ्यांनीच करावयाचे असते. नाशिक शहरातून सुरगाण्यास बंब पाठवावयाचा म्हटले तरी सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता आहे, आणि वाटेत घाट आहे. बंब मागवू नये असा याचा अर्थ नव्हे. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे, वनातील आग असल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावरही कळवावे. परंतु बंब येईपर्यंत हात बांधून बसता येत नाही.

कायद्याची स्थिती ग्रामकार्यकर्त्याने नीट समजून घेतली पाहिजे. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांच्या विषयांच्या दोन सूची राज्यघटनेत आल्या. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत ‘अग्निशमन सेवा’ हा विषय स्पष्टपणे आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तो नाही. त्यामुळे आग हे आपले काम नव्हे, असे काही पंचायतींस वाटते. हा समज चुकीचा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमास जोडलेल्या ग्रामसूचीत आग विझविण्याच्या कामी साहाय्य करणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे हे पंचायतीचे काम म्हणून नमूद आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही आपली माणसे प्रशिक्षित आणि साधने वापरण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. सारांश, बंब बाळगण्याची सक्ती पंचायतीवर नसली तरी गावातील तरुण आग विझवावयास धावतात ते पंचायतीच्याच कामास धावतात.

हे एकदा मान्य केले म्हणजे त्या तरुणांची नोंद, साधने, पैसा आणि सुरक्षितता यांवर पंचायतीची देखरेख हवी हे ओघानेच आले. पुष्कळ गावांत उत्साह असतो, पण यादी नसते. आग लागली की जो येईल तो येतो. त्यात एखादा भाजला किंवा कड्यावरून घसरला, तर तो गावाच्या कामावर होता याचा कागदोपत्री पुरावा राहत नाही, आणि साहाय्य मागावयाचे तर कोणाकडे व कशाच्या आधारावर, असा प्रश्न त्याच्या घरच्यांपुढे उभा राहतो. यास्तव ग्रामसभेत ठराव करून दलातील पंधरा-वीस जणांची नावे, वय, वस्ती व दूरध्वनी क्रमांक नोंदवावेत. प्रत्येक वाडी-पाड्यावरील निदान दोघे त्यात असावेत. स्त्रियांची नावे वगळू नयेत. दुपारी पुरुष मजुरीस गेलेले असतात आणि आग बहुधा दुपारीच लागते.

विम्याचा मार्गही या यादीमुळे मोकळा होतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पंधरा स्वयंसेवकांचा वर्षाचा हप्ता ३०० रुपये होतो. हप्ता सभासदाच्या स्वतःच्या खात्यातून कापला जातो. तो खरोखर कापला गेला की नाही, हे पंचायतीच्या सचिवाने दरवर्षी जून महिन्यात पाहावे. दवाखान्याचा खर्च या योजनेतून मिळत नाही, हेही सभासदांस आधीच सांगावे.

साधनांच्या बाबतीत मोठ्या खरेदीची गरज नाही. दाताळी, फावडी, कोयते, बादल्या, पाठीवरचे पाण्याचे पंप, विजेऱ्या आणि जाड सुती कपडे एवढ्यावर बरेच काम निभावते. द्राक्षपट्ट्यातील ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राची टाकी पाण्यासाठी फार उपयोगी पडते. मात्र औषधाचा अंश राहिलेली टाकी धुतल्यावाचून आणू नये. पंचायतीने घेतलेली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढवावी. नोंद नसलेला पंप कोणाच्या तरी मळ्यात फवारणीस जातो आणि आगीच्या दिवशी सापडत नाही, हा अनुभव नवा नाही. दलाने स्वतःच्या नावाने वर्गणी गोळा करू नये. देणगी आली तर ती ग्रामनिधीत जमा करून पावती द्यावी आणि खर्च ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. चार पैशांचा संशय आला की दल मोडते.

देखरेखीची मर्यादाही मात्र तितकीच स्पष्ट असावी. आगीच्या जागी हुकूम एकाचाच चालला पाहिजे, आणि तो दलनायकाचा. सरपंच तेथे हजर असले तरी त्यांनी पाण्याचे टँकर, वाहने व निरोप यांची व्यवस्था पाहावी. माणसे कोठे उभी करावयाची हे सांगू नये. जर्मनीत सुमारे दहा लाख लोक स्वयंसेवक म्हणून अग्निदलांत काम करतात. तेथे दल ठेवण्याची व साधने पुरविण्याची जबाबदारी कायद्याने गावच्या स्थानिक संस्थेवर आहे. बव्हेरिया प्रांतात दलनायकाची निवड दलाचे सभासद गुप्त मतदानाने करतात आणि त्या निवडीस स्थानिक संस्थेची मान्यता लागते. हा प्रघात आपल्याकडेही उपयोगी पडण्याजोगा आहे. केवळ पंचायतीने नेमलेल्या नायकाचे आगीत कोणी ऐकत नाही, आणि पंचायतीची मान्यता नसलेल्या नायकाने केलेल्या खर्चास कोणी जबाबदार राहत नाही. निवड पक्ष किंवा भावकी पाहून झाली तर पुढचे सारेच फुकट जाते.

वनाच्या हद्दीत आणखी एक धनी असतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे राखीव किंवा संरक्षित वनात चराई, सरपण असे हक्क असणाऱ्यांवर आगीची वर्दी देण्याचे व ती विझविण्यास मदत करण्याचे बंधन आहे. तथापि वनात शिरताना वनरक्षकाच्या सूचनेप्रमाणेच चालावे. १९९२ पासून स्थापन झालेल्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांत बहुधा हीच माणसे असतात. तेव्हा समितीची एक यादी आणि पंचायतीची दुसरी, असा घोळ न घालता दोहोंनी मिळून एकच यादी करावी. जाळरेषा कोठे व केव्हा काढावयाच्या हे वनखात्याने ठरवावे, आणि राब भाजण्याचे दिवस ग्रामसभेने. एका शिवारातील राब ठरलेल्या दिवशी, वारा पडलेला असताना सकाळी लवकर, भोवतालचे गवत काढून आणि दलाची माणसे हजर ठेवून भाजले, तर डोंगराकडे जाणारी पुष्कळशी आग मुळातच थांबते.

शिक्षणासाठी १४ एप्रिल हा दिवस सोयीचा आहे. १९४४ साली याच दिवशी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर स्फोट होऊन ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात नजीकच्या नगरपालिकेच्या दलाकडून गावात प्रात्यक्षिक मागवावे. डोंगरावर आगीच्या वरच्या अंगास उभे राहू नये, कारण चढावर ज्वाळा माणसापेक्षा वेगाने धावतात. वारा पाठीशी घेऊन बाजूबाजूने आग मारीत जावे. नायलॉनचे कपडे अंगावर ठेवू नयेत. घर पेटल्यास वीज बंद झाल्याची खात्री करूनच पाणी मारावे, या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज अंगवळणी पडत नाहीत. पेटलेल्या गंजीवर नुसते पाणी ओतून भागत नाही. ती उकलून पसरावी लागते, नाहीतर आतील धग दुसऱ्या दिवशी पुन्हा उठते.

आग विझल्यावर वर्दी केव्हा आली, कोण हजर होते, काय जळाले आणि कोणते साधन मोडले हे दलनायकाने त्याच दिवशी लिहून सचिवाकडे द्यावे. महसूल खात्याच्या पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्यास हे टिपण उपयोगी पडते. साधनांची मोजणी मात्र आगीनंतर करून पुरत नाही. ती २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी व्हावी, म्हणजे मोडके पंप होळीच्या आत दुरुस्त होतात. गाव सोडून गेलेल्यांची नावे त्याच सभेत कमी करून नवी घालावीत.