बजरीगर : छंद आणि जबाबदारी

पक्ष्याची सोबत माणसाला प्राचीन काळापासून प्रिय आहे. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे. तमिळनाडूत मदुरैच्या मीनाक्षीच्या आणि श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळच्या हातात पोपट दिसतो. रस्त्याच्या कडेला बसून पोपटाकडून चिठ्ठी उचलवून भविष्य सांगण्याची प्रथाही तेथे रूढ झाली. तमिळ भाषेत तिला ‘किळि जोसियम’ म्हणतात. ‘किळि’ म्हणजे पोपट. परंतु हा हिरवा देशी पोपट रानात जन्मलेला पक्षी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. आज शहरांतील पिंजऱ्यांत त्याची जागा बहुतेक ठिकाणी एका परदेशी लहान पोपटाने घेतली आहे. त्याचे नाव बजरीगर.

चेन्नई शहरात पक्षी पाळण्याचा छंद जुना आहे. सेंट्रल रेल्वे स्थानकाजवळचे मूर मार्केट जुन्या पुस्तकांसाठी जसे प्रसिद्ध होते, तसेच पशुपक्ष्यांच्या विक्रीसाठीही होते. १९८५ मध्ये आगीत ती इमारत नष्ट झाली. छंद मात्र टिकून राहिला. गच्चीवर, सज्जात किंवा खिडकीशी टांगलेल्या पिंजऱ्यात निळे, हिरवे, पिवळे बजरीगर आजही दिसतात. पुष्कळ लोक त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. ते बरोबर नाही. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील असून ते अधिक जाड चोचीचे व आखूड शेपटीचे असतात.

पक्ष्याची ओळख

बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील. तेथे तो मोठ्या थव्यांनी राहतो, पाण्याच्या शोधात दूरवर उडतो आणि गवताच्या बिया खातो. पाऊस पडून गवत बियांनी भरले की झाडांच्या ढोलीत तो अंडी घालतो. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. त्यानंतर युरोपात पिंजऱ्यातच त्यांची पैदास होऊ लागली. रानातील बजरीगर हिरवा-पिवळा असतो. निळा, पांढरा, गर्द पिवळा हे रंग माणसाने निवडून केलेल्या पैदाशीतून टिकले आणि वाढले.

हा पक्षी सुमारे १८ सेंटिमीटर लांब आणि केवळ ३० ते ४० ग्रॅम वजनाचा असतो. नीट काळजी घेतल्यास तो पाच ते आठ वर्षे, कधी कधी त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला पक्षी ते मूल मोठे होईपर्यंत घरात असणार आहे. हा विचार पक्षी आणण्यापूर्वीच करावयास हवा.

चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती जो मऊ भाग असतो, त्यावरून नर व मादी ओळखतात. प्रौढ नरात तो निळा असतो. मादीत तो फिकट पांढरट किंवा तपकिरी असतो व विणीच्या काळात गडद तपकिरी होतो. पूर्ण पांढऱ्या व पूर्ण पिवळ्या जातींच्या नरांत मात्र तो गुलाबी-जांभळाच राहतो. लहान पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत बारीक काळ्या रेषा असतात. तीन-चार महिन्यांनी पिसे गळून नवी आली की त्या मागे सरतात.

थव्यात राहणाऱ्या या पक्ष्याला एकाकीपणा सोसत नाही. म्हणून किमान दोन पक्षी एकत्र ठेवावेत. पिल्ले नको असतील तर दोन नर ठेवणे सोयीचे.

निवारा

१९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे ही क्रूरता ठरते. बाजारात मिळणारे शोभेचे गोल पिंजरे या दृष्टीने निरुपयोगी आहेत. बजरीगर वर चढत जात नाही, तो आडवा उडतो. त्यामुळे पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा. एका जोडीसाठी तो निदान ७५ सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व उंच असावा. गजांमधील अंतर सुमारे १२ मिलिमीटर असावे. त्याहून अधिक असल्यास पक्ष्याचे डोके अडकण्याचा धोका असतो. गंजलेली जाळी आणि निघू लागलेला रंग चोचीने कुरतडला जातो आणि त्यातून विषबाधा होऊ शकते.

बसण्यासाठी एकसारख्या गुळगुळीत दांड्यांऐवजी कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या लावाव्यात. त्यामुळे पायांना व्यायाम मिळतो आणि कुरतडण्याची नैसर्गिक गरजही भागते. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीशी असावी, म्हणजे पक्ष्याला सुरक्षित वाटते. स्वयंपाकघरात पिंजरा कधीही ठेवू नये. न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे अतिशय तापले की त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवण्यापूर्वीच पक्ष्याचा प्राण घेतो. उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूरही त्याच्या नाजूक श्वसनसंस्थेस अपायकारक आहे. पक्षी खोलीत मोकळा सोडताना छताचा पंखा बंद करण्यास विसरू नये.

आहार

बजरीगराचे मुख्य अन्न बारीक धान्य. राळा, वरी, बाजरी यांचे मिश्रण त्याला मानवते. चेन्नईच्या बाजारात राळा ‘तिनै’ या नावाने सहज मिळतो. केवळ धान्यावर मात्र पक्षी निरोगी राहत नाही. कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मोड आलेले मूग हे पदार्थ स्वच्छ धुऊन रोज थोडे थोडे द्यावेत. चुन्यासाठी समुद्रफेस, म्हणजे माकूल जातीच्या समुद्रजीवाचे पांढरे कवच, पिंजऱ्यात टांगून ठेवावे. चॉकलेट, चहा-कॉफी, मीठ घातलेले पदार्थ आणि अॅव्होकॅडो हे फळ त्याला घातक आहे.

नवशिक्या पालकांकडून एक चूक वारंवार होते. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात केवळ टरफले असतात. घरातील माणसे ‘दाणे आहेत’ असे समजतात आणि पक्षी उपाशी राहतो. एवढ्या लहान शरीरात अन्नाचा साठा फारसा नसतो. त्यामुळे एक-दोन दिवसांची उपासमारही प्राणघातक ठरते. यासाठी रोज वाटीवर फुंकर मारून टरफले काढावीत व ताजे दाणे घालावेत. पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

चेन्नईचे हवामान

बजरीगर कोरड्या प्रदेशाचा पक्षी असल्याने ऊन सोसतो. परंतु चेन्नईच्या उन्हाळ्यात उष्णतेबरोबर समुद्रकाठची दमट हवाही असते. मे महिन्यातील ‘अग्नि नक्षत्रम’ या कडक उन्हाच्या दिवसांत विशेष काळजी घ्यावी लागते. पक्ष्यांना घाम येत नाही. ते उघड्या चोचीने धापा टाकून शरीर थंड करतात. पक्षी चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून बसलेला दिसला तर त्याला तत्काळ सावलीत न्यावे आणि अंघोळीसाठी उथळ ताटलीत पाणी द्यावे. वारा खेळता असावा, पण पंख्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नसावा.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसामुळे धान्याला बुरशी लागते. कुबट वास येणारे धान्य निःसंकोच टाकून द्यावे. याच काळात चक्रीवादळेही येतात. डिसेंबर २०१५ चा महापूर, डिसेंबर २०१६ चे ‘वरदा’ आणि डिसेंबर २०२३ चे ‘मिचाँग’ ही चक्रीवादळे या शहराने अनुभवली आहेत. पाणी वाढू लागल्यावर मोठा पिंजरा उचलता येत नाही. म्हणून एक लहान, हलका पिंजरा आणि आठवडाभराचे धान्य नेहमी तयार ठेवावे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पक्षी घाबरून गजांवर आदळतात; त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत ठेवून मंद दिवा लावून ठेवावा.

पैदास : आधी विचार, मग मडके

बजरीगराची पैदास सोपी आहे. त्यामुळेच ती अविचाराने केली जाते. जोडीला मडके टांगले की अंडी येतात, असा अनेकांचा अनुभव असतो. परंतु मडके टांगण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : जन्मणारी पिल्ले कोणाच्या घरी जाणार? एका वेळी पाच पिल्ले आणि वर्षात दोन वेळा वीण धरली, तर एका जोडीपासून वर्षात दहा पक्षी होतात. एका सज्जात त्यांना जागा पुरणार नाही.

उत्तर समाधानकारक असेल, तरच पुढे जावे. नर-मादी निरोगी आणि निदान दहा-बारा महिन्यांची असावीत. ती भावंडे नसावीत. दुकानात ‘जोडी’ म्हणून मिळणारे दोन पक्षी पुष्कळदा एकाच घरट्यातील असतात. एप्रिल ते जून हा कडक उन्हाळा टाळावा. लाकडी पेटी किंवा बाजूला सुमारे पाच सेंटिमीटरचे भोक असलेले मातीचे मडके घरटे म्हणून चालते. मडके थंड राहते, पण त्याचा तळ गुळगुळीत असतो. अशा तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि त्यांना कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून तळाशी लाकडाच्या भुशाचा जाड थर द्यावा. एकाच पिंजऱ्यात अनेक जोड्या असतील तर जोड्यांपेक्षा मडकी अधिक असावीत. अन्यथा घरट्यासाठी माद्या परस्परांना जखमी करतात, पिल्लेही मारतात.

मादी एक दिवसाआड एक याप्रमाणे साधारण चार ते सहा अंडी घालते. या काळात चुन्याची कमतरता असल्यास अंडे शरीरातच अडकून मादी दगावू शकते. अंडी एकटी मादी उबविते आणि नर तिला घास भरवितो. प्रत्येक अंडे सुमारे १८ दिवसांत फुटते. पिल्लेही एक दिवसाआड जन्मत असल्याने थोरल्या व धाकट्या पिल्लांत आठ-दहा दिवसांचे अंतर पडते. जन्मतः ती उघडी, आंधळी आणि सर्वस्वी असहाय असतात. या दिवसांत धान्याबरोबर उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. मात्र उरलेले दोन-तीन तासांत काढून घ्यावे. लाल मुंग्या पिल्लांवर तुटून पडतात, म्हणून पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. साधारण पाच आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पुढे आठ-दहा दिवस नर त्यांना भरवितो. ती स्वतः दाणे सोलून खाताना दिसल्याखेरीज त्यांना आईबापांपासून वेगळे करू नये.

वर्षात दोनपेक्षा अधिक वेळा वीण घेऊ नये. दुसऱ्या विणीनंतर मडके काढून ठेवावे. मादी अंडी घालीतच राहते, म्हणून तिला ती झेपतात असे मानणे चूक आहे. सततच्या विणीने तिचे शरीर झिजते आणि आयुष्य घटते.

आजाराची चिन्हे

लहान पक्षी आपला आजार लपवितो, कारण रानात दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेस आधी पडतो. त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत आजार बळावलेला असतो. पिसे फुगवून दिवसा झोपणे, श्वासाबरोबर शेपटी खालीवर हलणे, पातळ विष्ठा, चोचीभोवती खरखरीत पापुद्रा ही चिन्हे दिसताच पशुवैद्याकडे जावे. चेन्नईत वेपेरी येथे १९०३ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसासाठी आणलेल्या गोळ्यांचा तुकडा पक्ष्याला देणे धोक्याचे आहे. पोपटवर्गातील पक्ष्यांपासून माणसाला फुप्फुसाचा एक जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून पिंजरा झाडताना आधी पाणी शिंपडावे, नाक-तोंड झाकावे व नंतर हात साबणाने धुवावेत.

पिंजऱ्याचे दार

पोपटवर्गातील बहुतेक सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात समाविष्ट आहेत. मकाव, काकाकुवा यांसारखे त्या करारातील परदेशी पक्षी पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार शासनाकडे नोंदणी करावी लागते. बजरीगर या करारातून वगळलेला असल्याने तो पाळणे सोपे आहे. मात्र विक्री करणाऱ्या दुकानांना २०१८ चे पाळीव प्राणी दुकानविषयक नियम लागू आहेत.

पिल्ले फार झाली किंवा कंटाळा आला की काही लोक पिंजऱ्याचे दार उघडून पक्ष्यांना ‘मुक्त’ करतात. हेतू दयेचा असला तरी परिणाम क्रूर होतो. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या या पक्ष्याला या देशात अन्न कोठे शोधावे हे ठाऊक नसते. त्याचा भडक रंग कावळ्यांच्या, शिक्रा पक्ष्याच्या आणि मांजरांच्या नजरेत चटकन भरतो. पक्षी सांभाळणे शक्य नसेल तर तो अनुभवी पालकाच्या किंवा प्राणिकल्याण संस्थेच्या स्वाधीन करावा.

प्राणिकल्याणाच्या कार्यात चेन्नईचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ ही संस्था येथेच १९५९ मध्ये सुरू झाली. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा अधिनियम साकारला आणि १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या आणि मंडळाचे मुख्यालय अनेक दशके याच शहरात होते.

कायदा पिंजऱ्याचे माप आणि विक्रीचे नियम सांगू शकतो; पण रोज सकाळी वाटीतील टरफले फुंकून टाकण्याचे काम घरातील माणसालाच करावे लागते. ते वर्षानुवर्षे करण्याची तयारी असेल, त्यानेच हा पक्षी घरी आणावा आणि पिल्लांना घर मिळणार असेल तरच मडके टांगावे.