सौजन्य

चैत्रातल्या एका पहाटे, चारच्या सुमारास, रातराणी एस.टी.तून उतरून कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावातल्या बाजारपेठेतून सामान सावरीत घराकडे निघालो असता, रस्त्याच्या ऐन मध्यावर, दुभाजकाच्या कठड्यावर पाय रोवून, हातात मनगटाएवढा जाड पाइप धरलेली एक प्रौढ स्त्री दिसली. आणि पाठोपाठ वास आला, ओल्या मातीचा खरा, पण त्यात डिझेल मिसळलेले होते आणि त्याच्याही तळाशी आणखी काहीतरी होते, जे ओळखू आल्यावरही त्याचा उच्चार अप्रशस्त वाटावा. त्या वासाने माझी पाठ सोडली नाही. पुढल्या आठवड्यात तीन पहाटे मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो.

वास पाण्याचा होता. पिण्याचे पाणी दुभाजकावरच्या फुलांना द्यायचे नाही असा नगरपरिषदेचा शिरस्ता असून, मैलाशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी टँकरने आणले जाते. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा शिरस्ता योग्यच म्हणायचा. टँकर पाच हजार लिटरचा. ठेकेदाराचे देयक फेऱ्यांच्या हिशेबाने निघते, आणि प्रत्येक फेरी नोंदवहीत पाच हजार लिटर म्हणूनच उतरते.

या फुलांचा जमाखर्च कळावा म्हणून एका दुपारी नगरपरिषदेच्या दप्तरात जाऊन बसलो. तिथल्या वयस्क लिपिकांनी चहा मागवला आणि दोनच वाक्यांत सारे अंदाजपत्रक उलगडून दाखवले. “झाड लावायला पैसा वरून येतो, साहेब. पाणी घालायला तो घरपट्टीतून काढावा लागतो.” लागवड ही भांडवली खर्चाची बाब, देखभाल ही महसुली, पहिलीचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते, आणि 2020 पासून चालू असलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात हिरवाईचे गुणही मिळतात, दुसरीचे उद्घाटन कोणी आणि कसे करावे? 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाप्रमाणे झाडांची दर पाच वर्षांनी गणना व्हायची असते, पण दुभाजकावरची झुडपे किती लावली आणि किती जगली याची मोजदाद या दप्तरात तरी मला आढळली नाही.

ही तूट भरून काढण्यासाठी चौक दत्तक देण्याची तजवीज निघाली. पतपेढी, सराफ, बांधकाम व्यावसायिक अशा मंडळींनी ठरावीक मुदतीसाठी एकेका चौकाची निगा पत्करावी आणि मोबदल्यात तिथे आपल्या नावाचा फलक लावावा, असा करार. फलकावर वर नाव आणि खाली ‘सौजन्य’. फलक रात्रीही उजळलेले असतात. एका चौकातल्या वर्तुळात सहा कुंड्यांपैकी चारांत झेंडूच्या वाळक्या काड्या उभ्या होत्या, आणि फलकाला मात्र नुकताच नवा रंग दिलेला होता. त्या रंगाचाही वास येत होता.

पाइप धरलेल्या त्या बाई म्हणजे मावशी (सगळे त्यांना एवढेच म्हणतात), रोजंदारीवर. दुभाजकावर मधोमध बोगनवेल आणि कण्हेर आहे. कण्हेर निवडण्यामागे सौंदर्यदृष्टी असेलही. पण ती विषारी असल्याने मोकाट जनावरे तिला तोंड लावीत नाहीत, हे कारण अधिक बलवत्तर असावे. मावशी कण्हेरीच्या बुंध्याशी पाइप जरा वेळ धरतात, बोगनवेलीपाशी आल्या की त्याचे तोंड अंगठ्याने दाबून पुढे सरकतात. हा कामचुकारपणा की काय, असा संशय पहिल्या दिवशी माझ्या मनात आला, हे कबूल केले पाहिजे.

“हिला पाणी जास्ती झालं की नुसता पाला माजतोय,” त्या म्हणाल्या. “तान लागली तरच फुलतीया.” मग एक फांदी माझ्याकडे वाकवली. “आन् ह्ये जे गुलाबी दिसतंय, ह्ये फूलच न्हवं. ह्यो कागूद. फूल आत हाय, बघा.” टँकरच्या दिव्यात पाहिले: तीन गुलाबी पात्यांच्या मध्ये, टाचणीच्या डोक्यापेक्षा फारशी मोठी नसलेली, पांढरट फुले. त्या रंगीत पात्यांना वनस्पतिशास्त्रात छदे म्हणतात, ही माहिती माझ्यापाशी पुस्तकातली होती. फूल मी त्या पहाटे प्रथम पाहिले.

बोगनवेलीचे वाचवलेले पाणी मावशी चौकातल्या कुंड्यांना घालतात. कुंड्या करारान्वये सौजन्यवाल्यांच्या, पाणी नगरपरिषदेचे. ठेक्यात हे बसत नाही, हे टँकरचालकालाही ठाऊक आहे. तो बिडी ओढीत दुसरीकडे पाहतो.

मावशींचे माहेर कास पठाराच्या बाजूचे. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या त्या पठारावर, जांभ्या दगडावरच्या पातळ मातीत, भाद्रपद-आश्विनात उमलणारी फुले पाहायला माणसे शुल्क भरून जातात. “तिथं कोन पानी घालतंय?” असे म्हणून त्या हसल्या, मग म्हणाल्या, “पर तिथं मला हजरी बी न्हाई.”

तिसऱ्या पहाटे चौकाशी पोचेपर्यंत टँकर तळाला गेला होता. चालकाने वहीत पाच हजार लिटर लिहून खाली सही केली. मावशी उरलेल्या धारेखाली पाचवी कुंडी सरकवीत होत्या, आणि मी, जवळून पाहावे म्हणून पुढे झालेला, पाहतच राहिलो. धार बारीक झाली, मग थांबली. मावशींनी पाइप हलवून पाहिला, आणि मागे वळल्या.

“साहेब, जरा पाय उचला. पाइपावर उभं हायसा.”