आजारपणाची रजा : सवलत नव्हे, हक्क

कष्टकरी माणसाची खरी पुंजी म्हणजे त्याचे शरीर होय. तरीही आपल्या वस्त्यांतून अंगात ताप असताना डबा घेऊन कामावर निघालेला माणूस रोज दिसतो. रजा घेतली तर पगार कापला जाईल, मुकादम दुसरा माणूस लावील, ही भीती त्याच्या मनात असते. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुष्कळ बांधव हक्क असूनही केवळ माहितीअभावी रजा घेत नाहीत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे.

बरे वाटणे आणि बरे होणे

या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि तेथेच चूक होते. डेंग्यूचेच उदाहरण घ्या. ताप साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो. माणसाला वाटते, सुटलो. पण काही रुग्णांच्या बाबतीत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच सर्वांत धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि रक्तदाब घसरतो. पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या होणे, हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे लागते. नेमक्या याच दिवशी अनेक जण कामावर हजर होतात.

क्षयरोगाचे तसेच आहे. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहसा ६ महिने चालतो. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते. मग दवाखान्याची वेळ आणि कामाची पाळी यांचा मेळ बसत नाही म्हणून गोळ्या सुटतात. जंतू मात्र जिवंत असतात, आणि पुढे ते औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. क्षयरुग्णाने सहा महिने घरी बसलेच पाहिजे असे नाही. संसर्गाचा धोका टळला की डॉक्टरांच्या सल्ल्याने कामावर जाता येते. मात्र गोळ्या पूर्ण मुदतीपर्यंत घ्याव्याच लागतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर वरचे टाके सुकले म्हणजे आतला भाग भरून आला असेही नव्हे. अशा वेळी उचललेले एक ओझे पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ शकते.

हक्क कसा मिळाला

आजारी कामगाराला विम्यातून भत्ता देण्याचा राष्ट्रीय कायदा प्रथम जर्मनीत १८८३ साली झाला. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून विमा योजना चालू आहे.

काय मिळते

योजनेसाठी पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. १ जुलै २०१९ पासून वर्गणी कामगाराची ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के ठरली. सहा महिन्यांच्या वर्गणी-कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर त्याच्याशी जोडलेल्या पुढील लाभ-कालावधीत आजारपणाचा भत्ता मिळतो. तो सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के असून वर्षाला ९१ दिवसांपर्यंत घेता येतो. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दराने, वैद्यकीय तपासणीनुसार वाढवत, दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. मात्र त्यासाठी नोकरीची सलग दोन वर्षे झालेली असावी लागतात.

दाखल्यांचे महत्त्व विसरू नये. विमा दवाखान्याचे डॉक्टर पहिला दाखला देतात, आजार लांबल्यास मधले दाखले देतात, आणि काम करण्यास योग्य झाल्यावर अंतिम दाखला देतात. ज्या दिवशी काम केले, त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही. तेव्हा दाखला घरी ठेवून कामावर जाणारा शरीरही गमावतो आणि भत्ताही.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला २० दिवसांची अर्धपगारी रजा असते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगारी रजेत बदलून घेता येते, पण खात्यातून दुप्पट दिवस कमी होतात. दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने ८ दिवसांची नैमित्तिक रजा दिली. आजारपणासाठी वेगळी रजा त्यात नाही.

उणीव कोठे आहे

विमा योजनेत आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. आधीचा आजार संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजार आला, तरच ही अट लागू होत नाही. रोज ५०० रुपये मिळवणारा माणूस १० दिवस आजारी पडला, तर ढोबळमानाने त्याची ५,००० रुपये मजुरी बुडते, आणि हाती ८ दिवसांचे २,८०० रुपये येतात. उरलेल्या २,२०० रुपयांची चिंताच त्याला पाचव्या दिवशी उठवून कामावर पाठवते. कंत्राटदाराने वर्गणी भरलीच नसेल, तर एवढेही मिळत नाही. आणि घरकाम करणाऱ्या भगिनी व नाक्यावरचे मजूर बहुतांशी या योजनेच्या बाहेरच आहेत. त्यांना विश्रांती घ्या असे नुसते सांगणे म्हणजे कोरडा उपदेश होईल.

विनयपिटकात रुग्णाची शुश्रूषा कशी करावी हे जसे सांगितले आहे, तसे रुग्णाचे कर्तव्यही सांगितले आहे. हितकारक तेच करावे, औषध घ्यावे, आणि दुखणे वाढले की कमी झाले हे सेवा करणाऱ्याला खरे सांगावे. खोटे 'ठीक आहे' सांगणे हे धैर्य नव्हे. परंतु रुग्णाने खरे सांगावे असे वाटत असेल, तर ते सांगणे त्याला परवडले पाहिजे. ती जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.

म्हणून आमची दोन आवाहने आहेत. विद्यार्थ्यांनी आजच घरातील कमावत्या माणसाची पगारपावती पाहावी. विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर विमा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि ती खरोखर जमा होते काय, याची शाखा कार्यालयात चौकशी करावी. सभासदांनी आपापल्या वस्तीत भिशीप्रमाणे छोटासा आजारपण निधी उभारावा. त्यातून पहिल्या दोन दिवसांची मजुरी भरून काढता आली, आणि ज्यांना कोणताच विमा नाही त्यांच्या घरी आठवड्याचे धान्य पोहोचले, तरी अनेक जण पूर्ण बरे होऊनच कामावर जातील.