पालक असूनही पोरकी : थळच्या भावंडांची कादंबरी

मोठ्यांचा आधार सुटल्यावरच निर्णय मुलांच्या हाती येतात, म्हणून बालसाहित्यात आईवडिलांना कथेबाहेर ठेवण्याची कथनयुक्ती, म्हणजे कथा सांगण्याची योजलेली रीत, जुनी आहे. गर्ट्रूड चँडलर वॉर्नर यांच्या १९२४ च्या अमेरिकन कथेत चार अनाथ भावंडे रेल्वेच्या सोडून दिलेल्या मालडब्यात संसार मांडतात.

अनिता देसाई यांच्या ‘द व्हिलेज बाय द सी’ (१९८२) या इंग्रजी कादंबरीत, जिला १९८३ चा गार्डियन बालसाहित्य पुरस्कार मिळाला, हीच युक्ती अधिक कठोर रूप घेते. अलिबागजवळच्या थळ गावी आई अंथरुणाला खिळलेली आणि वडील दारूच्या आहारी गेलेले असल्याने, पालक जिवंत असूनही घराचा भार लीला व हरी यांच्यावर पडतो. लीला धाकट्या बहिणींसह घर सावरते, तर हरी मुंबईतील खाणावळीत राबतो, शेजारच्या दुकानात घड्याळदुरुस्ती शिकतो आणि गावात येऊ घातलेल्या खतकारखान्यामुळे बदलणाऱ्या जगात ही विद्या उपयोगी पडेल, हे ओळखतो. मुलांचे धैर्य गौरवतानाच दारिद्र्याचे ओझे कुठेही सुशोभित न करणे, हे या कादंबरीचे मोठेपण असून मराठी वाचकांनी ती आवर्जून वाचावी.