सव्वाचार इंचांतला बर्फ

गाड्यांच्या शर्यतीचा गेम म्हटला की मोठा टीव्ही हवा, स्टिअरिंग व्हील हवं, पायाशी पेडल हवीत. हातात मावणाऱ्या कन्सोलवर तो खेळणं ही नाइलाजाची तडजोड, असं सर्रास मानलं जातं. डांबरी सर्किटवरच्या शर्यतीपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण चिखल, खडी, वाळू, बर्फ तुडवत जाणाऱ्या ऑफ-रोड शर्यतीला तोच नियम लावला तर फसगत होते. या प्रकाराला लहान कन्सोल उलट मानवतो, आणि त्याची कारणं थेट बटणांपासून सुरू होतात.

सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी, डिसेंबर 2004 मध्ये जपानच्या बाजारात आला. स्क्रीन 4.3 इंचांचा, त्यावर 480 गुणिले 272 ठिपके. डाव्या अंगठ्याखाली सरकणारी छोटी चकती, उजवीकडे चार बटणं. ॲक्सिलरेटरचं बटण दाबलेलं असतं किंवा सोडलेलं. मधली अवस्था नाही. डांबरावर हे जाचक ठरतं. तिथे टायरची पकड एका मर्यादेपर्यंत घट्ट असते आणि मर्यादा ओलांडली की झटकन सुटते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना अर्धा-पाऊण ॲक्सिलरेटर नेमका तोलून धरावा लागतो. सैल जमिनीवर पकड मुळातच अर्धवट असते. गाडी जवळजवळ सतत घसरत असते आणि चालकाचं काम तिला पुन्हा पुन्हा सावरण्याचं. खरे रॅलीचालकसुद्धा वळणाआधी गाडीला मुद्दाम उलट्या बाजूला हिसका देतात, मग आत वळवतात आणि ॲक्सिलरेटर मधूनमधून ठोकत राहतात. अशा ठोक्यांना दाबा-सोडा बटण पुरतं. चकतीचा थोडा ढोबळपणाही खपून जातो, कारण सरळ रेषेत कोणीच जात नसतं.

दुसरं कारण ‘मोटरस्टॉर्म: आर्क्टिक एज’ या गेममध्ये स्पष्ट दिसतं. ब्रिटनच्या बिगबिग स्टुडिओजने तो 2009 मध्ये पीएसपीसाठी केला. शर्यती अलास्काच्या बर्फात. मूळ ‘मोटरस्टॉर्म’ प्लेस्टेशन 3 वरचा. त्याचं मोठं आकर्षण होतं चिखल: चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पुढच्या फेरीतही तशाच राहत आणि रस्ता हळूहळू बिघडत जाई. सुरुवातीच्या पीएसपीत मुख्य मेमरी अवघी 32 मेगाबाइट. हा थाट तिला झेपणारा नव्हता. मग उरलं काय? उरला निर्णय, आणि या मालिकेचा जीव मुळात तिथेच आहे. रस्ता फुटतो, एक वाट वरून, एक खालून. हलकी मोटरसायकल कडक जमिनीवर पळते आणि भुसभुशीत जागी रखडते. अवजड ट्रक तिथूनच रेटत पुढे जातो. बूस्ट वापरला की इंजिन तापतं, हाव धरली तर गाडीचा स्फोट होतो, आणि बर्फातून गेलं की तेच इंजिन लवकर थंड होतं. म्हणजे जी वाट वेग खाते तीच पुढच्या सरळ पट्ट्यासाठी बूस्टची सोय करते. हा हिशेब दर काही सेकंदांनी मांडावा लागतो, आणि तो मांडायला मोठ्या स्क्रीनची गरज नसते.

यावर रास्त आक्षेप असा, की लांबचा खडक या स्क्रीनवर चार ठिपक्यांएवढा दिसतो. दिसेपर्यंत गाडी आदळलेली असते. पहिल्या फेरीत हे घडतंच. पण वळणापलीकडचं न दिसणं हा रॅलीचा स्थायीभावच आहे. म्हणून तर शेजारी बसलेला सहचालक पुढचं वळण किती तीव्र आहे ते मोठ्याने वाचून सांगतो. 1995च्या ‘सेगा रॅली’त, तोही आर्केडमधल्या मोठ्या पडद्यावर, वळणांची पूर्वसूचना देणारा आवाज होताच. इयरफोन लावले की लहान स्क्रीनची उणीव कान बऱ्यापैकी भरून काढतात. हादऱ्यांचं मात्र तसं नाही. पीएसपीत कंपनाची सोय नव्हती, आणि खडीवरून जाताना हात स्वस्थ राहणं ही या अनुभवातली खरीच खोट आहे. तिचं समर्थन करण्यात अर्थ नाही. 2022च्या स्टीम डेकमध्ये कंपन आहे, कमी-जास्त दाबता येणारे ट्रिगर आहेत, सात इंची स्क्रीन आहे. पण त्या सुधारणांचा जास्त फायदा होतो तो डांबरी शर्यतींना, कारण अडचण त्यांचीच मोठी होती.

मग वेगळा कन्सोल कशाला, फोन आहे की, असंही म्हणता येईल. फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा, 2012 साली आलेला ‘हिल क्लाइंब रेसिंग’ आपल्याकडेही अनेकांनी फोनवर खेळला आहे. त्यात फक्त दोन पेडल, तीही दाबा-सोडा पद्धतीची, आणि समोर चढउतार. तरी गाडी उलटू न देण्याची कसरत पुरेशी अवघड होते. खडबडीत जमिनीला ढोबळ बटण चालतं, याला याहून सोपा पुरावा नाही. मात्र त्या गेममध्ये डावी-उजवीकडे वळायचंच नसतं. वळणं आली की फोन अडखळतो: काचेवर बोटाला कड लागत नाही, अंगठा स्क्रीनचा कोपरा झाकतो, आणि फोन कलवून वळावं तर समोरचं दृश्यही कलतं. हाताला जाणवणारी चकती किंवा काडी इथेच उपयोगी पडते. म्हणूनच जुना पीएसपी विकत घेताना स्क्रीनवरच्या ओरखड्यांपेक्षा ती चकती आधी तपासावी. ती झिजली असेल तर बोट न लावताही गाडी एका बाजूला ओढली जाते.